विद्यापीठाचे दार आणि खोलीचे दार

इयत्ता दहावीच्या वर्गात आम्ही एकदा 'परदेशातील शिक्षण' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. वह्या तपासावयास घेतल्या, तेव्हा अपेक्षेप्रमाणे बहुतेकांनी विमान, बर्फ, मोठी ग्रंथालये आणि मोठे पगार यांचीच वर्णने केलेली आढळली. कोणाचा मावसभाऊ कॅनडात होता, तर कोणाच्या शेजारच्या ताई जर्मनीस गेल्या होत्या. एका विद्यार्थिनीने मात्र दीड पानाचा साधासुधा निबंध लिहून शेवटी एक प्रश्न घातला होता: "परदेशातून कोणी आपल्या गावी शिकावयास आले, तर आपल्या गल्लीत त्यांना खोली मिळेल का?"

निबंधाचा समारोप प्रश्नाने करू नये, असे आम्हीच वर्गात शिकविले होते. म्हणून त्या ओळीखाली आम्ही तांबडी रेघ ओढली आणि वही परत केली. दुसऱ्या दिवशी तिने सहज सांगितले की, तिच्या शेजारी भाड्याची खोली पाहावयास दोन आफ्रिकी विद्यार्थी आले होते. खोली रिकामी असूनही 'खोली गेली' असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले होते. हे ऐकल्यावर ती तांबडी रेघ आमच्या मनात सलू लागली. चूक त्या मुलीची नव्हती. तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, एवढेच. ते उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्दाचे मूळ

'युनिव्हर्सिटी' या शब्दात 'युनिव्हर्स' म्हणजे विश्व दडलेले आहे, म्हणून जेथे विश्वातील सर्व विद्या शिकवितात ती युनिव्हर्सिटी, असे पुष्कळ लोक समजतात. परंतु मध्ययुगातील लॅटिन भाषेत 'युनिव्हर्सितास' या शब्दाचा अर्थ अगदी व्यवहारातला होता. एका कामासाठी एकत्र आलेल्या माणसांचा संघ, असा तो अर्थ. सुतारांचा संघ, विणकरांचा संघ, तसाच शिकणाऱ्यांचा किंवा शिकविणाऱ्यांचा संघ.

इटलीतील बोलोन्या हे युरोपातील सर्वांत जुने विद्यापीठ मानले जाते. तेथे कायदा शिकण्यासाठी आल्प्स पर्वताच्या पलीकडून विद्यार्थी येत. गावात ते परके होते. नागरिकांचे हक्क त्यांना नसत, आणि घरमालक मागतील ते भाडे द्यावे लागे. तेव्हा या परक्या विद्यार्थ्यांनी आपापल्या देशांनुसार गट केले, त्या गटांचा संघ बनविला आणि गावाशी बोलणी करून खोल्यांची भाडी ठरवून घेतली. म्हणजे त्या विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न बोलोन्याच्या विद्यार्थ्यांनी आठ-नऊशे वर्षांपूर्वी विचारला होता, आणि तो सोडवितासोडविता विद्यापीठ आकारास आले. व्याख्यानांच्या बरोबरीने बिऱ्हाडाची काळजीही विद्यापीठाच्या पायात घातलेली आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

आपल्या देशातही हेच दिसते. नालंदेस चीनहून ह्युएनत्संग आणि इत्सिंग हे यात्रेकरू सातव्या शतकात आले व तेथे राहून शिकले. तेथील विद्यार्थ्यांच्या अन्नवस्त्रासाठी राजांनी गावांचे उत्पन्न लावून दिले होते, आणि म्हणूनच हजारो कोस चालून आलेला माणूस तेथे निश्चिंतपणे ग्रंथ वाचू शकत होता. इत्सिंगने नालंदेच्या जोडीला ज्या विद्यापीठाचे नाव घेतले आहे, ते तर आपल्याच गुजरातेतील होते. ते वलभी. भावनगर जिल्ह्यातील आजचे वल्लभीपूर ते हेच.

सुरतेतील एक मराठी शिक्षक

आता आपल्या गावाकडे येऊ. मोगलांच्या काळी सुरत हे हिंदुस्थानातील एक प्रमुख बंदर होते. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथून सुटत. इंग्रज, डच व आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या वखारी आणि वस्त्या येथे होत्या, व त्यांची जुनी थडगी आजही शहरात पाहावयास मिळतात. आपली महानगरपालिका ज्या इमारतीत आहे, ती मुगलीसराई ही शाहजहानच्या काळात बांधलेली धर्मशाळा होय. ज्या नगराचा कारभार एका धर्मशाळेतून चालतो, त्या नगराला परक्याचे वावडे असू नये.

या सुरतेत एक मराठी शिक्षक होऊन गेले. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे व्याकरण लिहिणारे म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. त्यांच्या व्याकरणाची पहिली आवृत्ती १८३६ साली निघाली. पुढे ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. येथे त्यांची गाठ दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी पडली, आणि दोघांनी काही मित्रांच्या साहाय्याने १८४४ साली 'मानवधर्म सभा' स्थापन केली. सर्व मनुष्यांची जात एकच आहे, माणसाची योग्यता जन्मावरून न ठरविता गुणांवरून ठरवावी, आणि विद्या सर्वांस मिळावी, अशी त्या सभेची शिकवण होती. सभा फार वर्षे टिकली नाही. तथापि मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या तेरा वर्षे आधी एक मराठी आणि एक गुजराती शिक्षक सुरतेत बसून हा विचार बोलत होते, ही गोष्ट लहान नव्हे.

कवळाण्याचा मुलगा

या विचाराला राजाश्रय मिळाला तो सुरतेच्या उत्तरेस, बडोद्यास. आपल्या शाळेतील पुष्कळ कुटुंबे खानदेशातून येथे आली आहेत. त्यांना सांगावयास आनंद वाटतो की, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी खानदेशाला लागून असलेल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहितावाचता येत नव्हते. जो स्वतः उशिरा शिकला, त्याला शिक्षणाची किंमत पुरेपूर कळली. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

विद्येच्या बाबतीत महाराजांनी देशांच्या सीमा मानल्या नाहीत. १८९० साली त्यांनी कलाभवन ही धंदेशिक्षणाची संस्था काढली. तिची जबाबदारी त्यांनी त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या सुरतेच्याच रसायनशास्त्रज्ञाकडे दिली. वाचनालये कशी चालवावीत हे शिकण्यासाठी त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली बडोद्यास बोलावून घेतले, आणि त्यातून खेडोपाडी ग्रंथालये उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले गेले, आणि पुढे १९०८ साली पंजाबातून आर्यसमाजाचे पंडित आत्माराम हे त्या कामासाठी आले. अमेरिकन ग्रंथपाल, मुसलमान शिक्षक, पंजाबी पंडित, सुरती रसायनशास्त्रज्ञ आणि मराठी राजा! निरनिराळ्या ठिकाणची माणसे एकत्र आली म्हणजे काम कसे पुढे जाते, याचा हा वस्तुपाठ होय.

पन्नास रुपयांचे वेतन

आमच्या घरात कोंकणी बोलतात. म्हणून बडोद्याची आणखी एक हकीकत सांगताना आम्हाला विशेष अभिमान वाटतो. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शाळेचे शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. बुद्धाच्या चरित्राने मनाला ओढ लावली, म्हणून घर सोडून ते पुणे, काशी, नेपाळ असे भटकत निघाले व १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल महास्थविरांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. खिशात पैसा नाही, सिंहली भाषा येत नाही, धर्म वेगळा, देश वेगळा. तरीही विहाराने त्यांना राहावयास जागा दिली, जेवण दिले आणि पाली शिकविली. पुढे ब्रह्मदेशातही ते राहिले.

परत आल्यावर कलकत्त्यास पालीचे अध्यापक म्हणून त्यांना काम मिळाले. परंतु आपली विद्या आपल्या मराठी लोकांना द्यावी, ही त्यांची तळमळ होती. सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांचे वेतन देऊ केले. महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहून द्यावे, एवढीच अट. कलकत्त्याचा मोठा पगार सोडून कोसंबींनी ते पन्नास रुपये पत्करले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलाविले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात ते राहिले, रशियातील लेनिनग्राडलाही जाऊन आले. मराठी वाचकांसाठी 'भगवान बुद्ध' यासारखे ग्रंथ आणि 'निवेदन' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले.

विचार करा, मित्रहो! कोलंबोच्या विहाराने एका अनोळखी गोवेकराला एक खोली आणि दोन वेळचे अन्न दिले. त्याचे फळ मराठी भाषेला मिळाले, हार्वर्डला मिळाले आणि गुजरातलाही मिळाले. परक्याला दिलेली खोली कोणकोणत्या देशी फळास येईल, हे देणाऱ्याला कधीच ठाऊक नसते.

अकरा दिवसांचे बिऱ्हाड

आता जी हकीकत सांगावयाची आहे, ती अभिमानाची नाही. परंतु अभ्यास म्हणजे केवळ अभिमानाच्या गोष्टींची यादी नव्हे.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी एका तरुण पदवीधराला अमेरिकेस पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, तीन वर्षांची मुदत, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सेलिग्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांपाशी आणि जॉन ड्यूई यांच्यासारख्या तत्त्वज्ञांपाशी अध्ययन केले. १९१५ साली एम. ए. झाले आणि १९१६ साली लंडनला गेले. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपली. करार पाळण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास आले. स्टेशनवर उतरताच त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो ग्रंथांचा नव्हता, अर्थशास्त्राचाही नव्हता. राहावयाचे कोठे, हा तो प्रश्न होता. हिंदूंच्या खाणावळीत त्यांना जागा मिळणे शक्य नव्हते. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. कचेरीत शिपाई विटाळाच्या भीतीने कागद दुरून टाकीत. सरकारी घरासाठी त्यांनी अर्ज केला होता. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला दहाबारा लोकांचा जमाव धर्मशाळेत आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याची ताकीद देऊन गेला. त्यांनी एका हिंदू मित्राकडे आसरा मागितला. घरचे नोकर निघून जातील, असे उत्तर मिळाले. एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले. तेथेही नकारच आला. मग रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले, आणि मुंबईस निघून गेले.

ही गोष्ट आम्ही कोणा एका समाजास नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. तीन निरनिराळ्या धर्मांच्या दारांवर तो तरुण उभा राहिला आणि तिन्ही दारे लागली, हे नीट पाहिले म्हणजे दोष वाटून घ्यावा लागतो. शिवाय हे घडले ते एखाद्या मागासलेल्या संस्थानात नव्हे, तर शिक्षणात अग्रेसर असलेल्या बडोद्यात. राजाने शिष्यवृत्ती दिली. परदेशी विद्यापीठाने दार उघडले. पण गावातील एका खोलीचे दार उघडले नाही, आणि तेवढ्यामुळे बडोद्याने आपल्याच पैशाने घडविलेला विद्वान अल्पावधीतच गमावला. खर्च राजाचा झाला, तोटा प्रजेचा झाला.

ज्या माणसाला खोली नाकारली गेली, त्यानेच पुढे भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. ज्याला दार बंद झाले त्याने दुसऱ्यांसाठी दारे बांधली. परंतु प्रत्येकाच्या अंगी एवढे बळ नसते. दार बंद झाल्यामुळे किती जण निमूटपणे परत गेले असतील, त्यांची नोंद कोठेच नाही.

नवे विद्यापीठ

सयाजीराव महाराज १९३९ साली निवर्तले. त्यांच्या नावाने १९४९ साली बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, आणि जुने बडोदा कॉलेज, कलाभवन इत्यादी संस्था त्यात सामील झाल्या. त्याच्या पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता होत्या. 'करण घेलो' ही गुजरातीतील पहिली कादंबरी लिहिणारे सुरतेचे नंदशंकर मेहता हे त्यांचे आजोबा. मुलगे व मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या कुलगुरुपदी येणाऱ्या त्या भारतातील पहिल्या स्त्री होत.

कुलगुरू होण्यापूर्वी हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना पहिल्या कलमात सर्व 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र आहेत, असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. हंसाबेनच्या आग्रहाने तेथे सर्व 'माणसे' असा शब्द आला. इंग्रजी व्याकरणात पुरुषवाचक शब्दात स्त्रिया धरल्या जातात, असा युक्तिवाद पुढे आला होता. परंतु जे धरले जाते ते विसरलेही जाते, हे त्या जाणून होत्या. दादोबांसारख्या व्याकरणकाराला ही दुरुस्ती खचित आवडली असती! एक शब्द बदलला आणि जगातील निम्म्या माणसांसाठी दार स्पष्टपणे उघडले.

आपण आणि आपली सुरत

आता आजची स्थिती पाहू. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने १९५० साली स्थापन झाली, आणि आजही आशिया व आफ्रिकेतील विद्यार्थी तिच्या साहाय्याने आपल्याकडे येतात. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ या वर्षी भारतात सुमारे ४६ हजार ९०० परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत सर्वाधिक नेपाळचे होते. उलट २०२२ या एका वर्षात भारतातून शिकण्यासाठी परदेशी गेलेल्यांची संख्या साडेसात लाखांच्या घरात होती. आपण जगाकडे जितके जातो, त्या मानाने जग आपल्याकडे फार थोडे येते. याची कारणे अनेक आहेत, आणि ती सर्व आपल्या हातची नाहीत. पण आलेल्याला खोली देणे किंवा न देणे, हे तर आपल्या हातचे आहे ना?

सुरतेत १९६१ साली स्थापन झालेली, सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाची राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था आहे. १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेले आणि आज कवी नर्मदाचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. या संस्था आपली दारे उघडू शकतात, वसतिगृहे बांधू शकतात. परंतु विद्यार्थी चोवीस तास वर्गात बसत नाही. तो रिक्षात बसतो, भाजी आणावयास जातो, आजारी पडतो, सणाच्या दिवशी एकटा असतो. त्या वेळी त्याचे विद्यापीठ म्हणजे आपली गल्लीच असते.

या बाबतीत आपण सुरतकर अगदीच नवशिके नाही. आपल्या महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. आमच्या वर्गातील कितीतरी मुले घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी वाचतात, बाजारात गुजरातीत भाव करतात आणि वडिलांच्या कारखान्यात हिंदीत निरोप सांगतात. चार भाषांत वावरणारे हे मूल स्वतःला अडाणी समजते, याचे आम्हाला नेहमी वाईट वाटते. परदेशी विद्यापीठे ज्या गुणासाठी धडपडतात, तो गुण या मुलांना जीवनाने फुकट शिकविला आहे.

आणि तरीही खोलीचा प्रश्न राहतोच. आम्ही नोकरीनिमित्त सुरतेस आलो, तेव्हा घर शोधताना आमच्या पदवीची चौकशी कोणी केली नाही. पहिला प्रश्न असे तो, "मासळी खाता का?" कोंकणी माणसाने या प्रश्नाला खोटे उत्तर कसे द्यावे? एका जागी तर आगाऊ भाड्याचे पैसे हातात घेतल्यावर, हा प्रश्न आठवल्यामुळे ते परत करण्यात आले. अखेर यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम असलेल्या एका ओडिया गृहस्थांनी आपल्या वरच्या मजल्यावरची खोली दिली. त्यांनीही तोच प्रश्न विचारला. मात्र आम्ही होकार देताच ते प्रसन्नपणे हसले आणि बाजारात चांगली मासळी कोणत्या वारी येते ते सांगू लागले. आमची ही अडचण आणि १९१७ सालची ती घटना यांची तुलना होऊच शकत नाही. आमच्यावर कोणी काठी उगारली नाही, आणि आमच्या जन्माचा कोणाला विटाळ झाला नाही. परंतु तीन आठवडे दारोदार फिरल्यावर, दार बंद होताना कसा आवाज होतो तेवढे आम्हाला कळले. ते कळले नसते, तर त्या विद्यार्थिनीचा प्रश्न कदाचित आम्हाला कळलाही नसता.

खरे सांगावयाचे तर एक चूक आम्हीही केली आहे. स्वतःला घर मिळाल्यावर पुढे कित्येक दिवस आम्ही त्या ओडिया गृहस्थांना त्यांच्या भाषेतील एक शब्दही विचारला नाही. त्यांनी आम्हाला मराठीत नमस्कार करावा आणि आम्ही तो घ्यावा, असेच चालले होते. एके दिवशी त्यांची लहान मुलगी म्हणाली, "तुम्ही शाळेत शिकवता, मग आमची अक्षरे तुम्हाला का येत नाहीत?" आम्ही निरुत्तर झालो. आज आम्हाला ओडिया अक्षरे वाचता येतात. फार नाही, पण दुकानावरची पाटी वाचण्याइतकी येतात. शिक्षिका मात्र आठ वर्षांची होती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे परदेशी जातील. जरूर जावे. तेथे तुम्ही परके असाल, आणि कोणीतरी तुम्हाला खोली देईल, रस्ता दाखवील, तुमच्या नावाचा उच्चार नीट करण्याचा प्रयत्न करील. ते ऋण त्या माणसाला परत करता येईलच असे नाही. ते येथे, सुरतेत, दुसऱ्या कोणा परक्याला आधीच देऊन ठेवता येते. त्यासाठी श्रीमंती लागत नाही. आलेल्याचे खरे नाव विचारावे आणि तेच उच्चारावे, त्याला टोपणनाव ठेवू नये. त्याच्या देशाची राजधानी नकाशात शोधावी. त्याच्या भाषेतील दहा शब्द शिकावे व आपल्या भाषेतील दहा त्याला शिकवावे. त्याच्या रंगावरून वा जेवणावरून कोणी हसले, तर आपण त्या हसण्यात सामील होऊ नये. एवढ्याने विद्यापीठाचा निम्मा अभ्यासक्रम पुरा होतो.

आणि पालकबंधुभगिनींना एक विनंती. ज्यांच्या घरी भाड्याची खोली आहे, त्यांनी भाडे ठरवावे, पाण्याची वेळ सांगावी, रात्री दार किती वाजता लागते ते सांगावे. विद्यार्थ्याचा दाखला आणि ओळखपत्र पाहावे, पोलिसांत रीतसर नोंद करावी. हे सर्व घरमालकाचे हक्क आहेत. परंतु नाव, रंग किंवा देश ऐकूनच 'खोली गेली' असे सांगण्यापूर्वी कामाठीबागेत बसलेल्या त्या तरुणाचे एकवार स्मरण करावे. दारात कोण उभे आहे, हे बडोद्याला त्या दिवशी ठाऊक नव्हते. आपल्यालाही ते ठाऊक नसते. आणि दारात उभा असलेला माणूस पुढे थोर होणार नसेल, अगदी सामान्यच राहणार असेल, तरी त्यालाही रात्री डोके टेकावयास जागा लागतेच.

त्या विद्यार्थिनीच्या वहीतील तांबडी रेघ आता पुसता येत नाही. आम्ही तिची वही पुन्हा मागून घेतली आणि रेघेखाली लिहिले: 'प्रश्न बरोबर आहे. उत्तर गल्लीने द्यावयाचे आहे.' वही परत घेताना तिने सांगितले की, वडिलांना हा प्रश्न घरी विचारला आहे. आमच्या वाचकांनीही तो आपापल्या घरी, रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारून पाहावा.